दार

दिवाळ्याच्या घराचं दार
बिल्डरची माणसं यायच्या आत उतरवून घेतलं
आणि अंगणात आडवं टाकून
खरवडायला बसले.

वर निळा ऑइलपेंट, महापालिकेचा नंबर.
त्यातल्या शून्याला कुणी डोळे काढलेत.
बहुतेक मीच.

त्याखाली सिडकोचा आकडा, लाल, घाईघाईचा.
मोजणीवाला ऐन जेवणवेळी आला होता म्हणे.
पोसूकाकांनी त्याला बसवलं,
जिताड्याचं कालवण वाढलं,
आणि तो गेल्यावर
रंग वाळेपर्यंत दाराशी उभे राहिले.
पुसावा की नाही,
तेवढ्यात वाळला.

मग पांढरी अक्षरं, मलेरियावाल्यांची. फवारणीची तारीख.
त्या साली ढेकूण गेले, मांजरंही गेली.

मग एक वर्तुळ. डांबराचं. नुसतं.
पदीमावशीला फोन लावला.
"पलेगात घरात मानूस मेला का तसा काराचं."
कोण मेलं होतं?
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे तिच्या टीव्हीचा आवाज.
"तवरा नको खरवडू," म्हणाली.

वर्तुळाभोवतीचं सगळं काढलं.
आता नुसतं सागवान,
त्यात खिळ्यांच्या भोकांची रांग, किंचित वाकडी,
फटीत तेलात भिजवलेला कापूस.
दाराला इतके खिळे लागत नाहीत.
मचव्याला लागतात.

म्हणजे घराला लागण्याआधी
हे कुठे कुठे जाऊन आलंय.

टेम्पोवाला विचारतोय, ताई, चढवू का?
थांब रे.
कुठली बाजू वर, ते ठरायचंय.