लाईन

अक्कलकोट रोडचं तक्रार केंद्र, रात्रपाळी.
खुर्चीला पाय तीन,
चौथ्याच्या जागी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश,
बदलून गेलेल्या हत्तुरे साहेबांनी सरकवलेला.

फोन वाजतो. पलीकडे कुणीही असो, वाक्य एकच:
“लाईन गेलंय ओ मॅडम.”
वीज म्हणत नाही कुणी.
वीज पडते. करंट बसतो.
जाते ती लाईन.

आत्ता नीलमनगरातून राजमणी येमूल.
आठ माग, टॉवेलचे.
मी ते कधी ऐकलेले नाहीत;
ती फोन करते तेव्हा ते बंदच असतात.
“धोटा मधेच राहिला बघा. दोरा पण तुटला.”
मागून सासूचा आवाज, तेलुगूत: दारम तेगिंदी.
मी नंबर लिहून घेते, वेळ लिहून घेते,
मल्लेशीला सांगते, तो खांबाकडे निघतो.

मग काम नाही.
शब्दकोश काढला की खुर्ची कलते,
म्हणून उभ्यानेच वाचते.

लाईन: रेघ. रांग. ओळ. तार. दोर. गाडीचा रूळ.
रोजगाराची वाट, म्हणजे तू कुठल्या लाईनीत आहेस, ती.
लाईन मारणे यात नाही, ते आमचं.
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात:
लॅटिन लिनेआ, जवसाच्या वाखाचा दोरा.
मुळात लिनुम.
जवस.

जवस तर माझ्या डब्यात आहे.
कडक भाकरी, वर चटणी, लसूण जरा जास्तच.

म्हणजे कुणीतरी कधीतरी
दोन खुंट्यांना जवसाचा दोरा ताणला असेल,
भिंत सरळ यावी म्हणून.
भिंत आली. दोरा गुंडाळून नेला.
सरळपणा तेवढा जमिनीवर राहिला
आणि त्यालाच लोक दोऱ्याच्या नावानं हाक मारत राहिले.

ते नाव फिरत फिरत इथवर आलं.
रेल्वे लाईन्समध्ये साहेबांचे बंगले.
पाचव्या दिवशी नळाला पाणी, घागरींची लाईन.
दादा गिरणीत सूतखात्यात होते,
गिरणी मिटली तेव्हा देणी घ्यायला लायनीत उभे राहिले,
अकरा वर्षं.
आयुष्यभर दोरा हाताळलेला माणूस
शेवटी नुसत्या त्याच्या नावात उभा.

आई असती तर म्हणाली असती, पुरे, सुतावरून स्वर्ग.
आणि मी थबकते, कारण
सूत!
गवंडी सूत धरतो. सुतार म्हणतो, एक सूत कमी पडलं.
शाळेत बाई ओरडायच्या, एका सुतात उभ्या राहा गं.
आम्हीही तेच केलं होतं की,
कुणाला न विचारता, कापसाच्या दोऱ्यानं.

तीन दहाला मल्लेशी खांबावरून:
“जंपर तुटलं होतं. बांधलं.”

आणि लगेच दुसरा फोन वाजतो.
राजमणी. लाईन आल्यावर फोन करणारी
आठ वर्षांत ही पहिलीच.
“आलंय ओ मॅडम!” ती ओरडते,
तिच्यामागे आठही माग एकदम,
टिनाच्या छपरावर कुणी ज्वारीची पोती ओतावीत तसे.

मला काय सुचलं कोण जाणे.
“राजमणी, लाईन म्हणजे दोरा!”
“काय?”
“दोरा! दोरा!”
“जोडला की ओ,” ती म्हणते,
“मघाशीच जोडला, अंधारात.”