पोच

किसुमूत, सरोवराकडे तोंड करून उभ्या
एका खासगी इस्पितळात मी कॅशियर आहे.
खिडकीच्या काचेला खाली अर्धचंद्र कापलाय.
त्यातून लोकांचे हात मनगटापर्यंत आत येतात,
बाकीचा माणूस बाहेर राहतो.

खणात एकेचाळीस ओळखपत्रं,
तीन भाड्याच्या मोटारसायकलींची कागदपत्रं,
एका मास्तरांच्या जमिनीचा कागद
आणि एक अंगठी, जी सोडवायला कुणी आलेलं नाही.
एकदा बकरी आली होती.
बकरीची पावती कशी फाडायची
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अपोंदी एप्रिलमध्ये आली. पोट फाडून मूल काढलं. मुलगी.
चौथ्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलं : घरी जाऊ शकते.
पाचव्या दिवशी मी लिहिलं : जाऊ शकत नाही.
माझं अक्षर डॉक्टरांपेक्षा चांगलं आहे.

तेव्हापासून वॉर्ड चारमध्ये ती बरी आहे.
बरं असण्याचं भाडं रोजच्या रोज चढतं :
खाट, पाणी, दोन वेळची मक्याची उकड,
मुलीची वेगळी नोंद.
बिलाला दूध लागत नाही, झोप लागत नाही,
तरी तेच आधी बाळसं धरतं.

गावाने फोनवरून वर्गणी काढली.
पन्नास शिलिंग, शंभर, चर्चच्या बायकांचे साडेतीनशे.
थेंबे थेंबे तळं साचतं खरं,
पण या तळ्याला तळच नाही.
सगळी सोंगं आणता येतात.
एक सोडून.

माझी बहीण अवुओर अबर्डीनला म्हाताऱ्यांना आंघोळी घालते.
तिचं पित्ताशय काढलं, तेव्हा उठून बसता आल्याबरोबर
सलाइनचा दांडा ढकलत
तिने अख्खा तळमजला धुंडाळला :
पैसे भरायची खिडकी कुठे?
कुणीतरी तिला चहाचं मशीन दाखवलं.

"मग तिथे माझ्यासारखी माणसं करतात काय?"
"पगार हातात यायच्या आधीच कापतात रे.
आणि थांबवून ठेवतात.
अकरा महिने मी दुखणं उशीखाली घेऊन झोपले.
तेही बिलच की.
फक्त आकड्यात लिहीत नाहीत."

चुलतभाऊ ओमोलो मिनियापोलिसला ट्रक चालवतो. विमा आहे.
गुडघ्याचा एक फोटो काढला, तर घरी पत्र आलं,
वर ठळक अक्षरांत : हे बिल नाही.
खाली चार आकडी रक्कम.
त्याने मला रात्री दोनला उठवलं.
तू या धंद्यातला, सांग,
हे बिल नसेल तर काय आहे?
हवामानाचा अंदाज असेल, मी म्हटलं.
तो हसला नाही.

जूनच्या पगारातले दोन हजार
मी अपोंदीच्या नावावर भरले.
देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नातेवाईक.
सोमवारी खातं उघडलं,
शनिवार-रविवारच्या खाटेने ते खाऊन
वर हात पुसले होते.
ती पावती अजून माझ्या खणात आहे,
ओळखपत्रांच्या खाली.

आज ती मुलीला कडेवर घेऊन खिडकीशी आली.
वाढलं किती, विचारायला.
नेहमी असंच विचारते,
उरलं किती, असं नाही.
आकडा शोधायला मी मान खाली घातली
तेवढ्यात अर्धचंद्रातून एक हात आत आला,
थेट कोपरापर्यंत,
माझा शिक्का उचलला, 'रक्कम मिळाली'चा,
आणि तोंडात घातला.

दोन दात आलेत तिला. इथेच आले.
जांभळी शाई : ओठ, हनुवटी, आईचा खांदा.
रांग हसली. अपोंदीसुद्धा.
एका गालावर अक्षरं स्वच्छ उमटली होती,
आजच्या तारखेसकट.

फाटकावरच्या ओगोलाला वाचता बेताचंच येतं.
तो नुसता शिक्का पाहतो
आणि कडी काढतो.