गोठलेल्या गवतावरून चालू नये

हा ऑनी कांगसचा कायदा होता.
पोस्टमनला लागू, कुत्र्याला लागू,
थँक्सगिव्हिंगला आलेल्या व्याह्यांनासुद्धा लागू.
गोठलेलं पातं काच असतं, म्हणायचा,
पाय पडला की आतल्या आत तडकतं
आणि ओरडतं थेट एप्रिलमध्ये.

बाकीचे कायदे शेडच्या दाराला, आतून,
पेन्सिलीनं:
मे – टकलांवर बी.
ऑगस्टअखेर – दाणेदार औषध,
तणानं डोकं वर काढायच्या आधी.
ऑक्टोबर – शेवटची कापणी, अडीच इंच. पानं उचल.
नोव्हेंबर – काही नाही. हात खिशात.

थंडीनं तण मरतं असं समजणारे
या गावात नवे असतात.
चिकवीड उगवतं पानगळीत.
मग बर्फाखाली महिनेच्या महिने
कूस न बदलता पडून राहतं,
आणि सुपीरिअर सरोवर अजून कडकडत असताना
दक्षिणेच्या भिंतीलगत, वीतभर उबेत,
पांढरं फूल घेऊन हजर.
चोराच्या आधी उठावं, म्हणायचा ऑनी,
पण हा चोर झोपतच नाही.

गेल्या ऑगस्टात त्यानं औषधाचं पोतं फोडलं नाही.
उद्या, म्हणाला.
मग पाठ धरलीये म्हणाला.
मग पोत्याचा विषयच काढला नाही.

नोव्हेंबरची नऊ तारीख, पहाटेचे सहा.
अंगणभर दंव गोठलेलं, जाड्या मिठासारखं.
रस्त्यावर गॉर्डी बुशारची गाडी, इंजिन चालू,
हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर.
फरशीची वाट होती, वळसा घालून जाणारी.
वाटेनं चल, आयली म्हणाली.
तो सरळ निघाला.
बुटांच्या नाड्या सुटलेल्या,
एका हातानं पँट सावरलेली,
खाली एकदाही बघितलं नाही.
करकर करकर वाजत होतं पायाखाली.
त्या रात्री बर्फ पडला
तो हललाच नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात
बर्फ सरकला, भिंतीकडून रस्त्याकडे,
आणि एकेक पाऊल वर आलं.
तपकिरी. टाचेशी गडद.
डावं बाहेर फाकलेलं, होतंच ते तसं.
आयलीनं खिडकीतून मोजली.
अकरा.
मग बाहेर येऊन मोजली.
सगळी जायचीच.

चिकवीड अर्थात तिच्याआधी पोचलं होतं.
तिसऱ्या पावलाच्या काठावर त्याची दोरी,
पाचव्याच्या आत चवड्यापाशी
चार इवली पानं.
उघडी माती म्हणजे आवतण,
हे दारावर लिहिलेलं नव्हतं, पण तिला पाठ होतं.

गॉर्डी दंताळं घेऊन आला.
वर वर खरवडू, बी टाकू,
तीन आठवड्यांत मागमूस राहायचा नाही.
भला माणूस. कानटोपी हातात धरून बोलत होता.

ती म्हणाली, आधी निंदणी.
माती ओली आहे तोवर मूळ सबंध येतं,
आणि फुलाचं बी झालं की सात वर्षं फेडत बसा.
गुडघ्याखाली जुनी उशी,
हातात पाव कापायची बोथट सुरी,
तीन दिवस, चार बादल्या.
पावलांमधलं तण मात्र सुरीनं नाही,
बोटांनी काढलं,
कडा ढासळू नयेत म्हणून,
जसा मुलाच्या डोळ्यातला कण काढतात, श्वास धरून.

मे लागला. बियांची पिशवी उघडली.
सुरुवात रस्त्याच्या कडेच्या, अकराव्यापासून.
मूठभर बी, वर चाळलेली माती, तळहाताची थाप.
उठून गुडघे झटकले.

बाकीची?
पुढच्या आठवड्यात दहावं, ती म्हणाली. मग नववं.
गॉर्डीनं मनाशी हिशेब केला.
घराच्या पायरीशी यायला जुलै उजाडेल, आयली.
तेव्हाच्या उन्हात बी रुजत नाही.

पाणी घालीन, ती म्हणाली,
आणि फरशीच्या वाटेनं
वळसा घालून घरात गेली.