घराला वळसा

सकाळी पावणेआठला मी घरातून निघते.
बूट, मफलर, वडिलांचा दर्यावरचा जुना कोट.
दार ओढून घेते, लागल्याची खात्री करते,
घराला एक वळसा घालते
आणि त्याच दाराने आत येते.
झालं. पोचले कॉलेजात.

शेजारचा ओड्वार खिडकीतून बघतो.
पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं, माझं काही हरवलंय.
दुसऱ्या आठवड्यात वाटलं, मीच.
आता नुसता कप उंचावतो.

वार्डोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो जानेवारी निम्मा होईतो तोंड दाखवत नाही.
खिडकीला सकाळ विचारावी, तर ती म्हणते रात्र.
दुपार विचारावी तरी तेच,
जरा निळसर करून.
मासळीच्या कारखान्यात होते तेव्हा हे जाणवलंच नाही.
तिथे भोंगा होता.
एकवीस वर्षं मी माझे दिवस
दुसऱ्याच्या भोंग्यावर टांगून वाळवले.
मग कारखाना बंद पडला,
आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या हातात
अख्खा दिवस आला,
न कापलेला, निसरडा.

नर्सिंग, घरबसल्या, चार वर्षं.
पहिलं वेळापत्रक मी पाच रंगांत काढलं.
त्यात व्यायामसुद्धा होता!
मंगळवारपर्यंत टिकलं.
बुधवारी गादीवर लोळत
मूत्रपिंडावरचं एकच वाक्य नऊदा वाचलं,
आणि दहाव्यांदा
पडदे धुवायला काढले.
बाहेर मिट्ट काळोख, आणि आमचे पडदे
काय शुभ्र.

दुसरं वेळापत्रक खोक्याच्या पुठ्ठ्यावर आहे, पेन्सिलीनं.
बाहेर जा. आत ये.
अंड्याचं घड्याळ वाजेपर्यंत उठू नको.

टेबलावर मधोमध चिकटपट्टी लावली आहे.
पलीकडे लोणी, बिलं, वडिलांच्या गोळ्या.
अलीकडे शाळा.
वडील जन्मभर होडी हाकलेले, त्यांना कसली हद्द?
कप बोटानं ढकलत पट्टीपर्यंत आणतात,
मग आणखी अर्धा इंच,
आणि माझ्याकडे बघतात.

नऊ वाजता पडद्यावर एकच बाई उगवते,
कारास्योकची इंगा-मारेट.
आम्ही बोलत नाही. ती तिचं वाचते, मी माझं.
तिनं पान उलटलं
की मला माझ्या पानाची लाज वाटते.

डोळे मिटून मी कॉडचा कणा सोडवू शकते,
पण माणसाचा काही केल्या डोक्यात बसेना.
एका संध्याकाळी वडिलांनी सदरा काढला,
बाकावर पालथे पडले, म्हणाले, मोज.
मानेत सात.
छातीमागे बारा.
कमरेत पाच, आणि चौथ्यावर बोट पडताच
ते कळवळले. म्हणाले, ही एकोणऐंशीची,
जाळं वर घेताना.
बाराव्याबद्दल काही बोलले नाहीत.
मीही खोदून विचारलं नाही.
त्या रात्री पाठ
मला पाठ झाली.

रोज जमतं असं नाही.
काही सकाळी मी वळसा घालते, दुसरा घालते, तिसरा,
आणि दार येतं तसं
मागे जातं.

मग जानेवारीत, शरीररसायनाच्या मधोमध,
किल्ल्यावर तोफ झाली. काचा थरथरल्या.
पोरांना शाळेची सुट्टी, रस्ताभर आरडाओरडा,
ओड्वार खिडकी बडवतोय, तुरिड, अगं आला, आला!
घड्याळात अकरा मिनिटं बाकी होती.
मी कोट न घालताच धावले.
समुद्राच्या कडेला तो टेकला होता,
लाल, कोपरं टेकून बसावं तसा,
आणि मला एकदम वाटलं, हाही
वळसा घालूनच आलाय.
पुरता बघेपर्यंत गेलासुद्धा.

परतले तेव्हा वडील टेबलाच्या माझ्या बाजूला बसले होते,
पट्टी ओलांडून, कपासकट.
अंड्याचं घड्याळ त्यांनी
अंगठ्यानं दाबून धरलं होतं.
अकरा मिनिटं,
जशीच्या तशी.