तीस सेकंद, गुणिले दोन

मीटिंग हॉलमध्ये कूलर होता, म्हणून आम्ही गेलो.
पुण्याहून आलेले सर म्हणाले, डोळे मिटा,
विचार ढगांसारखे येतील, जाऊ द्या त्यांना.
मागच्या रांगेत रेणुका बिराजदार पुटपुटली,
मे महिन्यात सोलापूरला ढग कुठले ओ सर?
हसू दाबता दाबता माझं निम्मं ध्यान संपलं.

उरलेल्या निम्म्यात ते म्हणाले, श्वास बघा.
नुसता बघा.

बावीस वर्षं दुसरं काय करते मी?
चादरीखाली छाती वर येते, खाली जाते,
मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजते
तीस सेकंद, गुणिले दोन,
चार्टवर आकडा टाकते, पुढच्या खाटेकडे वळते.
त्या दिवशी स्वतःचाही मोजला.
अठरा.
लिहायला खिशात पेन शोधला.

चौदा नंबरच्या आजोबांचा आठ होता, मग सहा,
मग तीस सेकंद संपले आणि गुणायला काही उरलं नाही.
त्यांची सून व्हरांड्यात कडक भाकरी
दुधात भिजवत बसली होती,
उठले की देऊ, म्हणून.
तिला सांगितलं. हात धुतले.
नऊ नंबरचं सलाईन बदललं.

त्याच आठवड्यात घरी लेकाला ताप चढला
तर मी म्हणाले, थांब, तुझा नंबर आला की बघते.
तो हसला.
मी गंमत केली नव्हती.

आमच्या घरात माग होता, पूर्व भागात,
नायनांचा जन्म त्यावर गेला, छातीत कापसाचा भुगा.
रात्री त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा
आणि पुढची शिट्टी येईपर्यंत मी भिंतीपलीकडे
माझा धरून ठेवायची.
मोजायला मी नर्सिंगला जाऊन शिकले नाही.

रात्रपाळी. चार वाजून दहा मिनिटं.
लिनन रूममध्ये धुऊन आलेल्या चादरींच्या ढिगावर
चपला काढून बसले.
दाराबाहेर स्टुलावर मल्लिनाथमामा.
कोणी विचारलंच तर म्हणाले, सांगतो की,
सिस्टर स्टॉक मोजायल्यात.

मोजत होतेच. सवय जाते होय?
एक, दोन, सात, अकरा,
बाराव्याला कुठंतरी आकडा निसटला,
धोट्यातली कांडी संपावी तसा,
आणि माग थोडा वेळ रिकामाच चालत राहिला.
हवा आत आली. बाहेर गेली.
कुणाच्याच चार्टवर नव्हती ती.
चादरींना सोड्याचा वास होता, गच्चीवरच्या उन्हाचा होता.

आणि एकदम नाव आठवलं.
गुरुसिद्धप्पा.
गुरुसिद्धप्पा हत्तुरे, मुक्काम वळसंग.
तीन आठवडे मी त्यांना चौदा म्हणत होते.

मग आलं रडू, भसाभसा.
चादरीलाच पुसलं,
ती चादर परत धुवायच्या गाठोड्यात टाकली.

यानं तीन जणींचं काम दोघींवर पडायचं थांबत नाही,
हे सरांना कुणीतरी सांगायला हवं होतं.
रेणुका सांगेल. तिला जमतं.

दारावर दोनदा टकटक.
सात मिनिटं झाली होती.
चपला घालताना मामांकडे बघितलं,
लालभडक डोळे, गुडघ्यावर आपोआप हलणारा हात.
सगळ्या मयतांची स्ट्रेचरं
तळमजल्यापर्यंत हाच माणूस ढकलतो.

उद्या तुम्ही आत बसा, म्हटलं, मी स्टुलावर.
मी काय करू आत बसून, म्हणाले,
पण नाही म्हणाले नाहीत.
फक्त कोणी विचारलं तर
मामा आत काय मोजतायत म्हणून सांगायचं,
ते अजून ठरत नाही.