उपस्थिती : एक

स्मरणिकेसाठी दोन पानं हवीत, म्हणाले,
'पन्नास वर्षांचा इतिहास, ताई, थोडक्यात.
संस्थापकांचा फोटो असला तर उत्तम.'
मी ट्रंकेतून वही काढली,
लाल कापडी कण्याची, कडेला वाळवीनं चाखलेली.
अजून तिला सरकीचा वास येतो.

कारण सुरुवात सरकीतच झाली.
धुळ्यात, पांझरेपलीकडे देवपुरात,
ठगूबाई चौधरींच्या ढेपेच्या गोदामामागची खोली,
भाडं महिना सात रुपये, कंदील आपापला.
उजागरे सर नगरहून आलेले, वनस्पतिशास्त्राचे.
दर शुक्रवारी साडेसहा.
पोरं पोत्यांवर बसायची.
सर पेरणाऱ्याचा दाखला समजावत होते तेव्हा
नवापूरच्या नथानिएलनं विचारलं,
'सर, मी बसलोय त्या पोत्यात किती एकर असेल?'
हे वहीत आहे. पुढे लिहिलंय : हशा.

मग अक्षरं बदलत जातात.
उपस्थिती सात. उपस्थिती एकोणीस.
नाताळाला विसरवाडीहून ढोल आणला,
शेजारच्या वसतिगृहाची लेखी तक्रार.
वर्गणी चार रुपये दहा पैसे, पैकी तीन
सायमनच्या परीक्षा फीला.
परत आले नाहीत. मागूही नयेत, असा ठराव.

सरांची बदली झाली
आणि एका शुक्रवारी एवढंच :
'प्रार्थना कोणत्या भाषेत करावी यावर चर्चा.
चहा झाला नाही.'
शहरातली पोरं म्हणाली, शुद्ध मराठीत.
डोंगरातली म्हणाली, आईशी आम्ही मावचीत बोलतो,
देवाशीच का म्हणून पुस्तकासारखं?
मी तेव्हा नव्हते तिथे. असते तर
बहुधा चुकीच्या बाजूनं बोलले असते.

उपस्थिती पाच. तीन.
त्यानंतर अकरा शुक्रवार
एकाच हातचे, निळ्या शाईतले :
उपस्थिती : एक.
गीत झाले. वाचन झाले.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.
सूचक – इलिशा वसावे.
अनुमोदक – इलिशा वसावे.
इतर विषय : थंडी फार. कंदिलाची काच फुटली.
आभार मानून सभा संपली.
कुणाचे, ते लिहिलेलं नाही.

मी ठगूबाईंच्या वरच्या खोलीतली भाडेकरू,
भुसावळच्या पॉइंट्समनची मुलगी,
नाताळापुरती ख्रिस्ती.
चैत्रातल्या त्या संध्याकाळी
रांजणातून पाणी घेत होते.
ठगूबाई ढेप फोडता फोडता म्हणाल्या,
'मझार जाय वं बाई, तो पोऱ्या एकलाच बोलस,
कोनासंगे बोलस कोन जाने.
येडा व्हई जाई.'

तांब्यासकट आत गेले.
त्यानं बसायला पोतं दाखवलं,
माझ्याकडे न बघता आधी वही ओढली.
ते पान आत्ता समोर आहे :
'एक' खोडून 'दोन'.
अनुमोदकापुढे माझं नाव, सलोमीचं सालोमी केलेलं.
प्रार्थना त्यानं मावचीत केली.
मला एक शब्द कळला नाही
आणि मी आमेन म्हणाले.

भौतिकशास्त्रात तो दुसऱ्यांदा नापास झाला,
जूनमध्ये आलाच नाही.
कुणी म्हणतं विसरवाडी–नवापूर जीप चालवायचा,
कुणी म्हणतं तो दुसरा वसावे.
आता मंडळात दीडशे मुलं येतात,
प्रोजेक्टरवर गाणी लागतात,
पावरीत, अहिराणीत, कशातही प्रार्थना चालते,
भांडण झाल्याचं कुणाला ठाऊक नाही.
समितीनं विचारलं, फोटोच्या चौकटीत काय टाकायचं?
उजागरे सरांचा मिळाला होता, तो दिला.
इलिशाचा नाही. शोधला.

दोन पानं लिहून झाली काल.
मग उगाच जमाखर्च चाळत बसले,
तर त्या अकरा शुक्रवारांचं भाडं
कुठल्याच बाजूला दिसेना.
तीन महिने. एकवीस रुपये.
मी चारदा बेरीज केली.