जवारी

मुबारक शिकलगार खडूनं फरशीवर
पुढचं मॉडेल काढतोय.
शटर अर्धं खाली. बाहेर, मिरजेच्या त्या बोळात
कोणीतरी भोपळा घासतंय, खर्र खर्र,
तंबोऱ्याचा.

"दोनशे चाळीस घोडे," अभिनंदन चौगुले म्हणतो.
कुपवाडच्या फौंड्रीतून थेट आलाय, भुवयांत अजून वाळू.
"वजन दीडशे. पुढं दोन पंख,
तीनशेला उडू नये म्हणून."
मी विचारतो, तीनशे कुठं?
मालगाव रोडला?
सगळे हसतात. मुबारकचा खडू थांबत नाही.

पंख आले. पाठोपाठ रडार आलं.
गाडीच वळण वाचणार म्हणे, आणि आपल्याआधी झुकणार.
"आमच्या वळणावर उसाची ट्रॉली उभी असते,
दिवा नसलेली, रात्री अकराला.
ती दिसेल हिला?"
"दिसेल."
"आणि मागं सांडलेली मोळी?"
"तीपण."
"आणि ट्रॉलीखाली झोपलेला माणूस?"
यावर अभिनंदन चहाचा कप शोधायला लागतो.

माझी गाडी कोपऱ्यात, फेअरिंग काढलेली,
लग्नाहून येऊन दागिने उतरवलेल्या बाईसारखी.
दहा वर्षांची. चार सिलिंडर.
पहाटे अंकलीच्या पुलावर
काटा नऊ हजारांच्या पुढं जातो
तेव्हा तिचा आवाज बदलतो.
मी त्या बदलाचे हप्ते भरले.
आई अजून समजते, गाडी ऑफिसला घेतली.

"आवाज नसणार," मुबारक म्हणतो.
तेव्हा लक्षात येतं,
खडूच्या गाडीला त्यानं सायलेन्सर काढलेलाच नाही.
बॅटरी, मोटर, एक पट्टा.
"पाहिजे तर स्पीकर देतील. यादीतून निवडायचा.
चार सिलिंडर, दोन सिलिंडर,
बुलेटसुद्धा."

कोणी बोलत नाही.
बाहेरचं घासणंही थांबलेलं.
शटरखालून वाकून त्याचा चुलता आत येतो,
नूरमहंमद, हातात घोडी,
तंबोऱ्याची, सांबरशिंगाची,
काडेपेटीहून जरा मोठी.
झिरो नंबरचा पॉलिश पेपर मागतो
आणि फरशीकडं बघतो.
"ही कसली घोडी?"
"दहा वर्षांनंतरची, चाचा."
"बोलत नाही?"
"नाही."

त्याच्या दुकानात विजेचा तंबोरा आहे, मी बघितलाय,
डब्याएवढा, कधीच न उतरणारा.
तो विकतोही. पण वर फडकं टाकून ठेवतो,
रात्री पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं.

यांच्या घरात आधी तलवारींना पाणी द्यायचे.
मग लढाया संपल्या, आणि कोणीतरी
तोच हात भोपळ्यावर ठेवला.
त्यालाही विचारलं असेल कोणी,
याच बोळात, चहा पिता पिता,
की आता पुढचं काय?
तार, असं म्हणाला असेल तो?
की गप्प बसून
अंगठ्यानं धार बघत राहिला?

चाचा माझी गाडी चालू करायला सांगतो.
इंजिन थंड. आधी खोकतं,
मग दोन हजारांवर बसतं.
तो टाकीवर तळहात ठेवतो.
डोळे मिटत नाही, मान डोलवत नाही.
"तिसरी जरा बंद आहे," म्हणतो,
आणि पेपर घेऊन जातो.

तिसरी तार म्हणाला, की तिसरा सिलिंडर,
विचारायचं राहून जातं.
मुबारक तिसरा प्लग काढतो.
काळा.

तो पुसून जागेवर बसवल्यावर
मुबारक खडूचा उरलेला तुकडा उचलतो.
मोटरच्या वर, जिथं टाकी नसणार,
तिथं एक आडवी रेघ मारतो,
काडेपेटीहून जरा मोठी.
"हे काय?" अभिनंदन विचारतो.
"बघू," तो म्हणतो.
"अजून ठरलं नाही."